मातृभाषेचा रकाना

शिरूरच्या जुन्या बाजारपेठेत गेली एकतीस वर्षे माझे पुस्तकबांधणीचे आणि वह्या-कागदांचे दुकान आहे. आसपासच्या शाळांची जनरल रजिस्टरे दुरुस्तीला माझ्याकडे येतात. दाखले काढता काढता ती इतकी हाताळली जातात, की पाठ सुटते, कडेची पाने फाटतात आणि मग एखादे गुरुजी पिशवीत घालून ती दुकानात आणतात. ‘‘काका, जपून करा, गावाची जन्मकुंडली आहे ही,’’ असे वर बजावतात. पाने क्रमाने लावायची तर ती उलगडावीच लागतात, आणि उलगडली की नजर रकान्यांवरून फिरतेच. नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख. आणि मातृभाषा.

दहा-बारा वर्षांपूर्वी असेच एक रजिस्टर हातात असताना मी थबकलो. जन्मस्थळाच्या रकान्यात बीड होते, नांदेड होते, कलबुर्गी आणि गोरखपूरही होते. जातीच्या रकान्यात बंजारा, वडार, पारधी होते. मातृभाषेच्या रकान्यात मात्र पहिल्या ओळीला ‘मराठी’ आणि तिथून पान संपेपर्यंत खाली दोन-दोन छोट्या रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. पान उलटले, तर पुन्हा पहिल्या ओळीला ‘मराठी’ आणि पुन्हा रेघा. त्या रेघांमागे काय दडले आहे, हे शोधण्याचा नाद मला तेव्हा लागला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. पुढचे वाचन झाले ते बांधणीला आलेल्या वाचनालयांच्या पुस्तकांतून. पुस्तक परत करण्याआधी रात्री वाचून काढायचे, ही माझी विद्यापीठाची पद्धत. पण या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही. आमच्या घरी वडारी बोलतात. पाण्याला नीळ्ळू, घराला इल्लू. वडील तरुणपणी चिंचणीजवळच्या घोड धरणावर मातीकामाला होते, पुढे दौंडला रेल्वेच्या एका कंत्राटदाराकडे खडी फोडायला गेले, आणि माझी प्राथमिक शाळा दौंडला झाली. चौथीत वाक्प्रचार शिकवताना गुरुजींनी विचारले, ‘राईचा पर्वत करणे म्हणजे काय?’ मी उत्साहाने हात वर केला. आमच्या बोलीत राई म्हणजे दगड. दगडांचा पर्वत रचणे, म्हणजे फार मोठे कष्टाचे काम करणे, असे मी सांगितले. माझ्या दृष्टीने त्यात चुकीचे काहीच नव्हते. वडील रोज तेच करत होते. वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि माझे नाव वर्षभर ‘दगड’ पडले. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी मला दोन वेळा वह्या घेऊन दिल्या होत्या. पण त्या दिवसानंतर मी वर्गात हात वर केल्याचे मला आठवत नाही.

माझ्या डोक्यात दुसरी एक भाषा चालू आहे, हे त्यांना माहीतच नव्हते. मी मैदानावर इतर मुलांसारखीच मराठी बोलत होतो ना!

आता कागदपत्रांकडे वळतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली तो १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. त्यातल्या लोकसंख्येच्या प्रकरणात जिल्ह्यातल्या जातीजमातींची एकेक करून नोंद आहे, आणि या नोंदींचा साचा ठरलेला आहे. माणसे दिसायला कशी, घरे कशी, खातात काय, लग्ने कशी लावतात, आणि भाषा कोणती. मारवाडी, गुजराती, कामाठी, वडार, कैकाडी, फासेपारधी अशांच्या नोंदी वाचताना एक धाटणी पुनःपुन्हा भेटते: घरी अमुक बोलतात, बाहेर मराठी बोलतात. याच नोंदींचा शेवट बहुधा आणखी एका ठरीव वाक्याने होतो: मुलांना शाळेत पाठवतात, किंवा पाठवत नाहीत.

भाषेचे वाक्य आणि शाळेचे वाक्य एकाच नोंदीत आहेत. मध्ये फार तर पानभर अंतर. पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असू शकतो, असे त्या साहेबाला कुठे वाटलेले दिसत नाही. शाळेत न पाठवण्याचे कारण द्यायचे झाले तर गरिबी, भटकेपण किंवा अनास्था. ‘बाहेर मराठी बोलतात’ एवढे लिहिले की भाषेचा प्रश्न मिटला. माझ्या मते, रजिस्टरातल्या त्या दोन रेघांची वंशावळ इथून सुरू होते.

शिरूर आणि दौंडबद्दल तर हे विशेष खटकते, कारण ही दोन्ही गावे पहिल्यापासून अनेक भाषांची आहेत. वसईच्या तहानंतर इंग्रजांनी पेशव्यांच्या मुलखात जी फौज ठेवली, तिचा तळ शिरूरला, घोडनदीच्या काठी पडला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. छावणी म्हणजे हिंदुस्थानी बोलणारे शिपाई, त्यांच्यामागे आलेले बाजारबुणगे, आणि सावकारीसाठी स्थिरावलेले मारवाडी-गुजराती व्यापारी. १८०९ मध्ये इथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला शिरूरचे लोक ‘सतपुरुष’ म्हणून नवस बोलत, अशीही नोंद गॅझेटियरात आहे. मेल्यानंतर का होईना, साहेब इथल्या बोलीत आला!

दौंडची गोष्ट रेल्वेची. आजचा दौंड तालुका म्हणजे जुन्या भीमथडीचा भाग. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून दिकसाळपर्यंत गाडी धावू लागली, १८६० मध्ये ती सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या रेल्वेला भिडली. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वेच्या इंग्रजीत त्याचे ‘धोंड’ होते, ते कित्येक दशके तसेच राहिले. एका बाजूला रायचूरमार्गे तेलुगू-तमीळ मुलूख, दुसऱ्या बाजूला मनमाडमार्गे हिंदी मुलूख. ड्रायव्हर, फायरमन, गँगमन, खलाशी, आणि बंगल्यांतून अँग्लो-इंडियन कुटुंबे. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले, तेव्हा महाराष्ट्राच्या सगळ्या कोपऱ्यांतल्या बोली आल्या. माझ्या लहानपणी रेल्वेच्या नळावर पाण्यासाठी होणारे भांडण किमान चार भाषांत व्हायचे, आणि सगळ्यांना सगळे कळायचे.

मग शिक्षणाचा विचार करणाऱ्या आपल्या मोठ्या माणसांनी हा प्रश्न पाहिला नाही का? एकोणिसाव्या शतकात भाषा आणि शिक्षण यांवर वाद थोडा झाला नाही. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये १८४७ च्या सुमारास जे भांडण पेटले, ते शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. नानांनी ज्या निर्धाराने मायबोलीतल्या शिक्षणाची बाजू लावून धरली, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी राहायलाच हवे. पण त्या वादात दोनच पक्ष होते: इंग्रजी की देशी. आमच्याकडे देशी म्हणजे मराठी. मराठी ही कोणाची तरी दुसरी भाषा असू शकते, आणि मुंबईच्या मुलाला इंग्रजी जितकी परकी, तितकीच वडाराच्या पोराला क्रमिक पुस्तकातली मराठी परकी असू शकते, हा तिसरा पक्ष बोर्डात बसलाच नव्हता.

शिवाय पुस्तकातली मराठी म्हणजे तरी कोणती? मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्याचे सहकारी कँडी पुढे बरीच वर्षे सरकारी क्रमिक पुस्तकांच्या भाषेवर हात फिरवत होते. शुद्ध म्हणून जी ठरली ती पुण्याच्या शिकलेल्या वर्गाची मराठी. तेव्हा शिरूरच्या कुणब्याच्या पोरालाही शाळेत शिरताना एक उंबरठा ओलांडावा लागतच होता. वडार, कैकाडी, पारध्याच्या पोराला दोन.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्या हव्यात, हिशेब हवा, शेतीची माहिती हवी, अशी मागणी आहे. मुलाच्या भोवतालचा व्यवहार शाळेत आला पाहिजे, हा विचार त्यामागे स्पष्ट आहे. घरच्या बोलीपर्यंत तो पोचत नाही, पण त्या दिशेला तोंड करून उभा आहे. बाकीच्यांची पाठ होती.

इथवर लिहून झाले, तेव्हा मला वाटत होते की दोष सगळा वरच्यांचा. मग घरीच एक गोष्ट घडली. पुतण्याच्या मुलीचा पहिलीचा प्रवेश होता. अर्ज भरायला मीच बसलो आणि मातृभाषेपुढे ‘वडारी’ लिहिले. पुतण्याने पेन काढून घेतले. ‘‘काका, तुमचं संशोधन पोरीच्या कागदावर नको. मराठी लिहा.’’ मी चिडलो. मग आठवले की माझ्या वडिलांनीही हेच सांगितले असते. ते आम्हाला बाजारात वडारी बोलू देत नसत.

याला कारण आहे, आणि ते इतिहासातच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज चौदा जाती आहेत. त्यांत कैकाडी, बंजारा, रामोशी आहेत, तसेच वडारही आहेत. अशा माणसांच्या तोंडची वेगळी बोली म्हणजे पोलिसांच्या लेखी चोरांची सांकेतिक भाषा. बोली ऐकू आली की ओळख पटली. तेव्हा आईबापांनी पोरांना जी पहिली शहाणपणाची गोष्ट शिकवली ती ही, की घरचे घरात, बाहेर मराठी. गॅझेटियरच्या साहेबाने जी सवय म्हणून नोंदवली, ती काहींच्या बाबतीत भीती होती. रजिस्टरातल्या रेघा एकट्या गुरुजींनी ओढलेल्या नाहीत. आम्हीही त्यांच्या हाताला धरून ओढल्या आहेत.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात पारधी आणि बंजाऱ्यांची लभाणी भिल्ली भाषांबरोबर एका खंडात येतात, तो १९०७ चा; भटक्यांच्या इतर बोली १९२२ च्या अकराव्या खंडात. म्हणजे या भाषांना व्याकरण आहे, हे सरकारला ठाऊक होते. ते व्याकरण शाळेपर्यंत मात्र आले नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, तेव्हा मराठी वाचकांना कैकाडी बोलणे पुस्तकात भेटले आणि ते आवडले. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ मध्ये निघाला, तोही आपण गौरवला. साहित्यात आणि संशोधनात या बोलींचे कौतुक झाले. वर्गात त्या अजूनही चुकाच आहेत.

२०११ च्या जनगणनेचा भाषांचा तक्ता मी मध्यंतरी मुद्दाम पाहिला. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावे १९,५६९ होती. ती गाळून, जुळवून शेवटी १२१ भाषांत बसवली आहेत. त्यात वडारी तेलुगूच्या पोटात आहे, कैकाडी तमिळच्या, पारधी भिलीच्या. आणि बंजारी हिंदीच्या! २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र केवढा तापला होता, हे वाचकांना आठवत असेलच. १६ एप्रिलचा शासननिर्णय, १७ जूनची दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही रद्द, मग डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. त्या निर्णयाला माझाही विरोधच होता. पण त्या सगळ्या गदारोळात मला एक प्रश्न कुठे वाचायला मिळाला नाही. तिसरी भाषा कोणती यावर आपण भांडलो. ज्या मुलांची पहिली भाषाच मराठी नाही, त्यांची पहिली कोणी मोजली? तांड्यावरचे मूल घरात आईला याडी म्हणते. जनगणना सांगते त्याची भाषा हिंदी, रजिस्टर सांगते मराठी. दोघांपैकी कोणीही त्याला विचारलेले नाही.

‘द्वैभाषिक’ हा शब्दही आपण असाच एका बाजूला वापरून टाकला. काही वर्षांपूर्वी पहिलीची एकात्मिक द्वैभाषिक पाठ्यपुस्तके आली. त्यातल्या दोन भाषा म्हणजे मराठी आणि इंग्रजी. घरी एक आणि शाळेत एक अशा दोन भाषांचे ओझे किंवा भांडवल घेऊन जी मुले आधीच वर्गात बसली आहेत, ती द्वैभाषिक नाहीत, ती ‘अप्रगत’.

आता माझ्या स्वतःच्या कोड्याकडे येतो. मैदानावर उत्तम मराठी बोलणारा मी वर्गात मागे का पडलो? याचे उत्तर मला मिळाले ते जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाच्या लेखनाच्या एका मराठी गोषवाऱ्यात, तोही एका डी.एड. कॉलेजच्या बांधणीला आलेल्या अंकात. परभाषेत शिकणाऱ्या मुलांबद्दल त्याने १९७९ च्या सुमारास एक साधा भेद दाखवला. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. खेळताना, दुकानात, भांडताना लागणारी भाषा मूल दोनेक वर्षांत उचलते, कारण समोरची वस्तू, हातवारे, चेहरा हे सगळे मदतीला असतात. धड्यातली, गणिताच्या शाब्दिक उदाहरणातली भाषा उचलायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. शिक्षक पहिली ऐकतो आणि दुसरीही आली असे धरून चालतो. मग मूल अडले की ते मंद वाटते.

त्याचे दुसरे म्हणणे याहून महत्त्वाचे. दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. वरून दोन दिसतात, बुडाशी एकच ठाण असते. घरच्या भाषेत जे समजले ते पुन्हा समजून घ्यावे लागत नाही, फक्त नवे शब्द लागतात. म्हणजे घरची भाषा बंद केली की मराठी लवकर येते, ही समजूत उलटी आहे. युनेस्कोने १९५३ च्या अहवालात मुलाला शिकवण्याचे उत्तम माध्यम त्याची मातृभाषा असे म्हटले होते. आपल्या घटनेत १९५६ मध्ये ३५० क हे कलम आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मातृभाषा आहे, ‘शक्य असेल तोवर’ या शेपटासह. ते शेपूट फार लांब आहे.

हे सगळे वाचून मी आमच्या तालुक्यांत फिरायला लागलो. ओळखीच्या गुरुजींमुळे वर्गात मागे बसायची परवानगी मिळे. उसाच्या हंगामात, दिवाळीनंतर, पाटस, न्हावरे या बाजूंना पूर्वी कोप्यांची गावेच्या गावे उठत. आता कारखान्यांचे दिवस पालटले, तरी तोडीच्या टोळ्या येतातच. बीड, पाथर्डीकडची मुले चार-पाच महिने इथे असतात. त्यांच्यासाठी साखरशाळा झाल्या, त्यांच्या गावी हंगामी वसतिगृहे झाली, शिक्षण हमी कार्ड आले. मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे, याचा हिशेब बराच सुधारला. पण त्यांतल्या तांड्यावरच्या मुलांची भाषा कोणत्याही कार्डावर नाही. दुसरीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढली, तशी सणसवाडी, कोरेगावपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांत भोजपुरी, हिंदी, कन्नड बोलणारी मुले दाटीने आली. महागणपतीच्या रांगेत उभे राहिले तरी हे कानाला कळते.

ओडिशात २००६-०७ पासून आदिवासी भाषांतून पहिलीचे शिक्षण सुरू झाले, त्याचे दाखले अनेक जण देतात. ते काम मोठेच आहे. पण ते आमच्याकडे जसेच्या तसे चालणार नाही, असे माझे मत आहे. तिथे एका गावात एक भाषा असते. त्या भाषेचे पुस्तक छापता येते, त्या भाषेचा शिक्षक नेमता येतो. आमच्या वर्गात बत्तीस मुलांत पाच भाषा असतात आणि त्यांतली दोन मार्चमध्ये निघून जातात. एक गुरुजी मला वैतागून म्हणाले होते, ‘‘काका, मी किती शिकू?’’ त्यांचे बरोबरच होते. त्यांनी पाच भाषा शिकायच्याच नाहीत. त्या वर्गात बोलू द्यायच्या, एवढेच.

बोलू देणे म्हणजे काय, हे मला शिरूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत दिसले. बाई मूळच्या सांगलीकडच्या, वय पस्तीसच्या आसपास. उसतोडीच्या एका मुलाला वजाबाकी येत होती, पण ‘रामूजवळ किती शिल्लक राहिले’ असे विचारले की तो गप्प. बाईंनी त्याला त्याच्याच तांड्यावरच्या मोठ्या मुलीजवळ बसवले आणि म्हणाल्या, आधी तुमच्या भाषेत भांडा, मग मला मराठीत सांगा. दोघांची गोरमाटीत खुसखुस झाली. मुकादमाची उचल, फिटलेले पैसे, राहिलेले पैसे असा हिशेब तो घरी रोज ऐकत होता. ‘शिल्लक’ हा शब्द तेवढा त्याच्याकडे नव्हता. तो मिळाला, तेव्हा त्याने पुढची तीन उदाहरणे न विचारता सोडवली.

बाई भाकरीला बाटी म्हणणाऱ्याला ‘चूक’ म्हणत नाहीत, ‘आणि मराठीत?’ म्हणतात. शनिवारी एखाद्या मुलाची आजी किंवा आई येऊन त्यांच्या भाषेत गोष्ट सांगते. बाईंना ती निम्मी कळत नाही. मग मुलेच ती बाईंना मराठीत समजावून सांगतात, आणि त्यात इतकी मराठी वापरतात, की तेवढी धड्याखालच्या प्रश्नांना कधी वापरत नाहीत. त्या दिवशी गोष्ट माहीत असणारी मुले असतात आणि न समजणाऱ्या बाई. वर्गाची उतरंड तासाभरापुरती उलटी होते. हे तंत्र त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, कर्नाटकात दिलेल्या बहिणीची मुले सुट्टीला येतात, तेव्हा आमच्या घरी हेच चालते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात जाईल, म्हणून अंगणवाडी. गुरे राखायला जाते, तर कुरणात जाईल, म्हणून कुरणशाळा. अंगणवाडी देशभर गेली. आता अंगणातली भाषा शाळेत येण्याची पाळी आहे, आणि हा प्रवास अंतराने लहान असूनही अवघड दिसतो.

सगळीकडे असे नाही, हेही लिहायला हवे. एका शाळेत ‘वर्गात फक्त मराठी’ अशी पाटी रंगवलेली पाहिली. हेतू चांगलाच असावा. पाटीखाली बसलेल्या गोरखपूरकडच्या दोन बहिणी तासभर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि शिपाईमामा म्हणाले, फार गुणी पोरी, आवाज नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्या सांगलीकडच्या बाई दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. मुलांनी हाताने केलेला शब्दकोश होता. एका पानावर एक चित्र आणि खाली त्या वस्तूची नावे: मराठी, गोरमाटी, पारधी, भोजपुरी, कन्नड. पाणी, चूल, कोयता, आई, बस, भूक. सगळे देवनागरीत, शुद्धलेखन ज्याचे त्याचे. टोळ्या परत जाण्याआधी बांधून हवा होता, म्हणजे प्रत्येक मुलाला एकदा घरी न्यायला मिळेल. कापडी पाठ घालून देतो म्हटले. पाने मोजताना माझ्या लक्षात आले, की वडारी नाही. शाळेत यंदा वडारांचे मूल नव्हते, बाई म्हणाल्या; असले तरी सांगितले नसेल. मग शेवटची चार कोरी पाने त्यांनी माझ्याकडे सरकवली. ‘‘काका, तुम्ही लिहा ना.’’

दुकान बंद केल्यावर मी लिहायला बसलो. चित्र मला काढता येत नाही, म्हणून नुसते शब्दच घेतले. पहिल्या ओळीला लिहिले, ‘राई’. पुढे अर्थ लिहिला: दगड.